भीत भीत जाणाऱ्या अ‍ॅग्नेसबाई

अ‍ॅग्नेस त्रिभुवन यांच्याइतकी घाबरट बाई मी दुसरी पाहिलेली नाही. कुत्र्याला त्या घाबरत, लिफ्टला घाबरत, आणि खाकी रंगाला तर इतक्या घाबरत की पोस्टमन दिसला तरी आधी दाराआड होत आणि ओळख पटल्यावर ओशाळं हसत बाहेर येत. ग्वाल्हेरला थाटीपूरमध्ये आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. आमच्या मागच्या गॅलरीतून त्यांचं दार समोरच दिसे. बाई दार ओढून निघत, दहा पावलं जात, परत येत, कुलूप दोनदा हिसकत. मग पुन्हा निघत. मग गॅसचं बटण आठवे. कुलूप उघडून आत, पुन्हा बाहेर. माझी बायको नंदा चहा गाळता गाळता म्हणायची, "तिसरी फेरी झाली. आता जातील."

आणि जायच्या कुठे? ज्या ठिकाणी जायची आपल्यासारख्या धीट माणसांची इच्छा नसते, नेमक्या तिथे.

त्या मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. नवरा सायमन फौजेत होता. मुरारच्या छावणीत बदली झाली, तो इथेच निवृत्त झाला आणि इथेच वारला. बाई एका सरकारी दवाखान्यात पर्चे, म्हणजे केसपेपर, लिहायच्या खिडकीवर कारकून होत्या. नन नाहीत, नर्स नाहीत, तरी सगळी कॉलनी त्यांना 'सिस्टर' म्हणायची. आमचं आडनाव जाधव. पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आले ते इकडेच राहिले. आमच्या मराठीला आता हिंदीची सवय झाली आहे. 'मला बुखार आला', 'मी खूप परेशान झालो' असं आम्ही बिनदिक्कत बोलतो. बाईंना त्याची गंमत वाटे. "जाधवभाऊ, तुमचं मराठी कानाला मराठीच लागतं," म्हणायच्या, "पण मधेच कुणीतरी दुसरंच बोलतंय असं वाटतं."

त्यांची माझी खरी ओळख झाली ती आईमुळे. आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. एक दिवस दुपारी बाई दारात उभ्या. हातात स्टीलचं घमेलं, खांद्याला कापडी पिशवी.

आमची मुलगी आतून ओरडली, "आजी, आंटी आल्या हैं, दरवाजा खोलू क्या?"

"खालच्या पायरीवर कुत्रं आहे," बाई म्हणाल्या. "ते वर नाही ना येणार?" मग म्हणाल्या, "आजींचे केस धुवायचे राहिले असतील. महिना झाला ना पडून?"

राहिलेच होते. आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं. नंदा अंग पुसून घ्यायची, पण पडलेल्या माणसाचे केस कसे धुवायचे ते माहीत नव्हतं. बाईंनी आईला पलंगावर आडवं सरकवलं, मानेखाली प्लॅस्टिक घातलं, घमेलं खाली ठेवलं. "पडली तर? मान अवघडली तर? तुम्ही इकडून धरा. घट्ट धरा. नको, इतकं घट्ट नको." पाणी कानात जाईल, साबण डोळ्यांत जाईल, वारा लागेल, असं त्यांचं सारखं चाललेलं. शेवटी आईच म्हणाली, "अगं, तू मला धरते आहेस की मी तुला?" दोघी हसल्या. पाऊण तासाने आई पांढरेशुभ्र केस उशीवर पसरून झोपली होती. पडल्यापासून तिला अशी झोप लागली नव्हती.

मी न राहवून विचारलं, "तुम्हाला इतकी भीती वाटते, तर करता कशाला?"

बाईंनी पिशवीत हात घातला. त्यांना काही बोलायचं असलं की त्या पिशवीत हात घालत. पिशवीत सेफ्टी पिना, मीठ-साखरेच्या पुड्या, शिट्टी, जास्तीची चप्पल आणि आधार कार्डाच्या अर्धा डझन प्रती.

"आमच्या गावी धर्मशिक्षणाचे मास्तर होते," त्या म्हणाल्या. "दयेची कामं पाठ करून घ्यायचे. भुकेल्याला जेवू घालणे, तहानलेल्याला पाणी देणे, उघड्याला वस्त्र देणे, अशी एकामागून एक. मी 'बंदिवानांना भेटणे'पाशी आले की अडायची. आमच्या गावात पोलीस आले होते एकदा, मी कणगीत लपले होते, म्हणून ती ओळ तोंडातून निघायचीच नाही. मास्तर म्हणाले, अ‍ॅग्नेस, जे म्हणता येत नाही ते करून बघ. मग म्हणता येईल."

"मग आलं म्हणता?"

"अजून अडतं," बाई म्हणाल्या.

अडत असलं तरी त्या जात होत्या, हे मला पुढे कळलं. आमच्या चौरस्त्यावर मुन्नी नावाची बाई कपड्यांना इस्त्री करायची. तिची सून जळून मेली आणि मुन्नीला अटक झाली. दोन दिवसांत कॉलनीने मुन्नीचं नाव टाकून दिलं. तिच्याकडून वर्षानुवर्षं कपडे इस्त्री करून घेणाऱ्या आम्हा लोकांनी, 'चेहऱ्यावरून वाटत होतंच' असं एकमेकांना सांगितलं. अ‍ॅग्नेसबाई मात्र मुलाखतीच्या दिवशी तिला जेलमध्ये भेटायला जाऊ लागल्या. एकदा सवारी नेणाऱ्या टेंपोवाल्यांचा संप होता, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून नेलं.

तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. घरून निघण्यापूर्वी त्या तीनदा बाथरूमला जाऊन आल्या. गेटसमोर उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता. रांगेत उभ्या असताना त्यांनी आधारची प्रत चार वेळा काढून पाहिली. नाव पुकारलं गेलं तेव्हा त्या दचकून उलट दिशेलाच निघाल्या, मागच्या बाईने त्यांना धरून वळवलं. मी समोरच्या झाडाखाली थांबलो. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या, नालीपाशी बसल्या आणि त्यांना उलटी झाली. मी पाणी दिलं.

"काय म्हणाली मुन्नी?"

"विचारत होती, तिची इस्त्री कुणी नेली का. कोळशाची आहे ना, जुनी. सासूची होती म्हणे."

"आणि तिनं ते... खरंच केलं का?"

"मी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "साबण आणि आतले कपडे द्यायचे होते. ते दिले."

मला ते पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटलेलं नाही. पण संध्याकाळी बाईंनी चौरस्त्यावरच्या पानवाल्याकडून ती इस्त्री शोधून आणली आणि स्वतःच्या घरात नेली, हे मी गॅलरीतून पाहिलं.

आता बापट मास्तरांबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या मनात अ‍ॅग्नेसबाई आणि बापट मास्तर वेगळे करताच येत नाहीत.

मास्तर शहराच्या लष्कर भागात, नई सडकेच्या एका गल्लीत, पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटे राहायचे. घराणं एके काळी दरबारातल्या भिक्षुकांचं. मास्तरांनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, लग्न केलं नाही, मोठ्या भावाच्या मुलाला वाढवलं. तो पुतण्या, शशांक, इंदूरला नोकरीला होता. मास्तर रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला बाईंच्या खिडकीवर यायचे आणि दर वेळी पर्च्यावरचं शुद्धलेखन दुरुस्त करून द्यायचे. एकदा दोन महिने ते आले नाहीत. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण बाईंच्या जिवाला घोर लागला. जुन्या रजिस्टरमधून पत्ता काढून त्या नई सडकेला पोचल्या. मास्तर पक्षाघाताने पडलेले, सकाळी एक मोलकरीण येऊन झाडून जाते, शेजारून डबा येतो, आणि पाठीला बेडसोर होऊन तळहाताएवढी जखम झालेली.

त्या दिवसापासून दोन वर्षं, निवृत्तीच्या आधी सुट्टी काढून काढून आणि निवृत्तीनंतर रोज, बाई अकराच्या टेंपोने नई सडकेला जाऊ लागल्या. अंग पुसायचं, जखम धुवायची, कुशीवर वळवायचं, पेज भरवायची.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, तुमच्या देवाचं नाव इथे काढायचं नाही."

"नाही काढत," बाई म्हणाल्या. "कूस वळवा, पावडर लावते."

जानवं कसं असतं ते त्या मला विचारून गेल्या होत्या. अंघोळ घालताना ते धुवून पुन्हा डाव्या खांद्यावरून नीट घालायच्या. मास्तरांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांचं रोजचं स्तोत्र वाचून दाखवायचं कामही बाईंकडे आलं. त्यांनी आधी आपल्या फादरना विचारलं. फादर म्हणाले, आजाऱ्याला वाचून दाखवणं म्हणजे आजाऱ्याला वाचून दाखवणं. मग बाई वाचू लागल्या आणि मास्तर डोळे मिटून त्यांच्यावर ओरडू लागले, "श नव्हे, ष! जीभ वर लावा. जन्मभर पर्चे लिहिलेत, एक ष येत नाही!" बाई घरी येऊन आमच्या गॅलरीखाली उभ्या राहून जीभ वर लावून दाखवायच्या. "हा बरोबर आहे का हो, जाधवभाऊ?" मला तरी कुठे येत होता!

मग एक दिवस बाई आल्या त्या सरळ वर, आमच्या घरात. कुत्रं जिन्यात होतं तरी. म्हणाल्या, "मला पोलीस ठाण्यातून फोन आलाय."

झालं होतं असं. मास्तरांच्या समोरच्या घरातून कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. खिडकीतून दिसणारं: मास्तर पडलेले, अ‍ॅग्नेसबाई त्यांचा हात धरून बसल्या आहेत, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, गळ्यात क्रूस. ते चित्रण गल्लीत फिरलं आणि इंदूरला शशांकपर्यंत पोचलं. 'तुमच्या काकांचं धर्मांतर चाललंय' असं त्याखाली लिहिलेलं. त्या बिचाऱ्याने घाबरून तक्रार केली. आमच्याकडे अशा तक्रारीचं पुढे काय काय होऊ शकतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंना तर फार चांगलं ठाऊक होतं.

"उद्या अकराला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "फादरना सांगितलं नाही, त्यांच्यामागे उगाच लचांड. तुम्ही याल का बरोबर? तुम्ही सरकारी आहात. मराठी आहात. मी कोण ते सांगाल."

मी बांधकाम खात्यात नकाशे काढायचो. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांपुढे माझं सर्विस बुक उभं राहिलं. मी म्हणालो, "उद्या नेमका साइटवर इन्स्पेक्शन आहे."

इन्स्पेक्शन नव्हतं.

"असू दे, असू दे," बाई घाईने म्हणाल्या, जणू त्यांनीच मला अडचणीत टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या हातून एकही रेघ सरळ आली नाही. बारा वाजले, दोन वाजले. फोन करावा तर त्यांनी तो ठाण्यात कुणासमोर उचलला तर? चार वाजता मी पोट दुखतंय सांगून घरी आलो आणि गॅलरीत उभा राहिलो. नंदा माझ्याशी बोलत नव्हती. साडेपाचला बाई गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. हळूहळू, भिंतीला हात लावत येत होत्या. मी धावत खाली गेलो.

चार तास त्यांना बाकावर बसवून ठेवलं होतं. मग साहेबांनी चित्रण दाखवलं आणि विचारलं, "ये क्या कर रही हो? प्रार्थना?"

"मी म्हटलं, हाँ साहब," बाई म्हणाल्या.

"अहो, हो कशाला म्हणालात?"

"करतच होते ना. पण ती माझ्यासाठी होती. पट्टी उघडायच्या आधी करते. मला जखम बघवत नाही, जाधवभाऊ. पहिल्या दिवसापासून बघवत नाही. हात धरते म्हणजे मास्तरांना वाटतं मी नाडी बघते. साहेबांना तेच सांगितलं."

साहेबांनी एक शिपाई मास्तरांकडे जबाब घ्यायला पाठवला. मास्तरांनी त्याला सांगितलं, "माझी तक्रार लिहून घ्या. ही बाई दोन वर्षं रोज चुकीचं संस्कृत वाचते." शिपायाने ते तसंच्या तसं लिहून आणलं. ठाण्यात हशा पिकला म्हणे. तरी साहेबांनी बजावलं: चौकशी संपेपर्यंत त्या घराच्या जिन्यावर पाऊल टाकायचं नाही.

"बरं झालं तुम्ही आला नाहीत," बाई मला म्हणाल्या. "नोकरी आहे तुमची." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसवला असता.

शशांकने फोनवरून एक मदतनीस ठरवला. तो दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी फिरकला नाही. बाईंना हे मोलकरणीने कळवलं. त्या माझ्याकडे आल्या आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "जखम दोन दिवसांत उघडी पडते."

मी रजा टाकली.

नई सडकेला आम्ही बरोबर गेलो. गल्लीत दोघातिघांनी मला अडवलं, "आप कौन?" मी म्हणालो, "जाधव. मास्टरजी के पहचान का हूँ." त्यांनी वाट दिली. मला माझं आडनाव पुरलं, त्या बाईंना दोन वर्षांची सेवा पुरली नव्हती. बाई समोरच्या कागद-पेन्सिलीच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या राहिल्या, फोन कानाला लावून. मी वरून बोलायचो, त्या खालून सांगायच्या.

"आधी हात धुवा. झाले? आता डावा हात त्यांच्या पाठीखाली. ओढू नका, कातडी सोलेल. उचला."

मी पट्टी उघडली आणि मला घेरी आली. मी खिडकीपाशी गेलो. खाली बाई वर बघत होत्या, पत्र्याबाहेर उन्हात येऊन.

"मोठा श्वास घ्या," फोनमधून त्यांचा आवाज आला. "मलाही रोज असंच होतं."

मास्तर म्हणाले, "ती बाई कुठंय?"

"समोर उभ्या आहेत. वर यायला मनाई आहे."

"ते माहीत आहे मला. जेवून आली का विचारा."

असे नऊ-दहा दिवस गेले. लू, उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याची झळ, सुरू झाली होती. बाई रोज त्या पत्र्याखाली दोन-दोन तास उभ्या असत. कुणी गणवेशवाला रस्त्यातून गेला की पाठ फिरवून पेन्सिली निवडू लागत. दुकानदाराने पहिल्या दिवशी हटकलं, चौथ्या दिवशी स्टूल दिलं. एकदा मास्तरांनी फोन आपल्या कानाशी धरायला लावला. "वाचा," म्हणाले. पोथी वर होती, बाई खाली. पण दोन वर्षांत त्यांना ते पाठ झालं होतं. टेंपोच्या भोंग्यांतून, हातगाडीवाल्यांच्या आरोळ्यांतून तो कापरा आवाज येत राहिला. मास्तर ऐकत होते. मी वाट बघत होतो ते आता ओरडतील म्हणून. ते ओरडले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "आज एकच चुकला."

शेवटच्या दिवशी मी पेज घेऊन वर गेलो तेव्हा मास्तर गेलेले होते. अंग अजून कोमट होतं. आदल्या दिवशी मी निघताना ते मला म्हणाले होते, "उद्या त्या बाईला वर बोलवा. पोलिसांचं मी बघतो." तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

मी खिडकीत आलो. मला काही सांगावं लागलं नाही. बाई रस्ता ओलांडून जिन्याच्या तळाशी आल्या आणि पहिल्या पायरीपाशी थांबल्या.

"चला वर," मी म्हणालो. "आता कोण अडवणार?"

"नको, जाधवभाऊ. उद्या कुणी म्हणेल, मेलेल्या माणसाला..." मग पदर तोंडावरून फिरवून म्हणाल्या, "आधी पाय सरळ करा. नंतर होणार नाहीत. डोळ्यांवर हात ठेवा, हळू दाबून धरा, सेकंद मोजू नका. हनुवटीला रुमाल बांधा. जानवं डाव्या खांद्यावर आहे ना, बघा."

मी एकेक करत गेलो. त्या खालून विचारत गेल्या, "झालं?" मी म्हणायचो, "झालं." जन्मात मी कुणाच्या प्रेताला हात लावला नव्हता, वडिलांच्याही नाही.

शशांक इंदूरहून पोचेपर्यंत बाई त्या खालच्या पायरीवर बसून होत्या. तो धावत आला. त्याने त्यांना ओळखलं नाही. "जरा सरका," म्हणाला. त्या सरकल्या.

चौकशीचं पुढे काही झालं नाही. मास्तरांच्या त्या जबाबानंतर होण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण बाईंची झोप उडाली होती. दारावर टकटक झाली की त्यांच्या हातातलं भांडं पडे. त्यांच्या मुलीचा नाशिकहून रोज फोन येई, आई, तू इकडे ये, बास झालं आता.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, माझा फोन वाजला. "जाधवभाऊ," बाई कुजबुजत होत्या, "तो आलाय. मास्तरांचा पुतण्या. दारात उभा आहे. कडी काढायला माझा हात चालत नाही. याल का?"

या वेळी मी गेलो. शशांक उन्हात घामाघूम उभा होता, चाळिशीचा, मुंडण केलेला, डोक्यावर टोपीही नाही. मी हाक मारल्यावर बाईंनी दार उघडलं. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी माठातलं पाणी आणून त्याच्यापुढे धरलं. तांब्यातलं थोडं पाणी त्याच्या बुटांवर सांडलं. तो उभ्यानेच सगळं प्यायला.

"ती तक्रार मी..." तो म्हणाला.

"बसा ना," बाई म्हणाल्या. "पंख्याखाली बसा."

तो बसला. जमिनीकडेच बघत होता. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणाले पाठीची जखम जवळजवळ भरली होती. मला माहीतच नव्हतं जखम होती. काका फोनवर कधी बोललेच नाहीत." मग मान वर करून त्याने बाईंना विचारलं, "शेवटी काय म्हणाले ते?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "मी नव्हते तिथे."

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं, वेळ विचारल्यावर सांगावी तसं. पण शशांकचा चेहरा असा झाला की मला बघवेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं शेवटी काय म्हणाले ते. आणि मी ते सांगणार होतो. त्याला ते लागावं असंही मला वाटत होतं. मी तोंड उघडलं.

"जाधवभाऊ," बाई म्हणाल्या, "आतून आणखी पाणी आणता का जरा?"

मी आत गेलो. माठ भरलेला होता, पण मी तिथेच उभा राहिलो. पडद्यापलीकडून त्यांचा आवाज येत होता.

"तुम्ही लहान असताना मास्तर तुम्हाला किल्ल्यावर घेऊन गेले होते ना? चढावर तुम्ही रडायला लागलात, घरी जायचं म्हणून. मग त्यांनी खांद्यावर घेतलं."

"हो. थोडं थोडं आठवतं."

"उतरताना त्यांचा पाय मुरगळला. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं असतं तुमच्यामुळे झालं. महिनाभर लंगडत शाळेत जात होते. हिवाळ्यात तो पाय दुखायचा त्यांचा. मी तेल लावायची, तेव्हा दर वेळी सांगायचे. म्हणायचे, हा शशांकचा पाय."

मग एक चमत्कारिक आवाज आला, मोठा माणूस रडताना सुरुवातीला करतो तसा. मी पाणी घेऊन लगेच बाहेर गेलो नाही.

तो निघाला तेव्हा चार वाजत आले होते, पण ऊन कमी झालं नव्हतं. क्षमा मागायची त्याने आणखी दोनदा खटपट केली. दोन्ही वेळा बाईंनी त्याला काहीतरी खायला घ्यायला लावलं. त्याला चौरस्त्याची जवळची वाट माहीत नव्हती. मी म्हणालो, मी सोडतो. बाई म्हणाल्या, "नको, मी जाते. तुम्हाला ऑफिस आहे ना उद्या." त्याचा त्या दुपारशी काही संबंध नव्हता.

त्यानंतर आठ दिवसांत त्यांची मुलगी आली आणि त्यांना नाशिकला घेऊन गेली. मी तेव्हा खरोखरच साइटवर होतो, शिवपुरीच्या बाजूला. नंदा म्हणते, निघताना त्यांनी मुन्नीच्या मुलाखतीचे दिवस तिला लिहून दिले. आता नंदा जाते. पुढच्या वर्षी मुलीचा फोन आला: आई गेली, त्रास झाला नाही.

म्हणून मी त्यांना पाहिलं ते त्या दुपारीच शेवटचं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शशांक चांगला सहा फूट उंच, बाई त्याच्या छातीशी. त्यांनी काळी छत्री उघडून त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावर धरली होती, हात जाईल तितका ताणून, टाचा उचलून. छत्री त्याच्याकडे इतकी झुकलेली की बाई स्वतः पूर्ण उन्हात होत्या. तो छत्री आपल्या हातात घ्यायला बघत होता. त्या देत नव्हत्या. त्याच्या एका पावलाला त्यांची दोन पावलं पडत होती, मधेच त्या दचकून मागे बघत होत्या, आणि तशाच भराभर चालत होत्या.